जुनी एमजी कोणत्या सालची आणि कितपत मूळची, हे कसं शोधायचं

गाडी धुवायच्या आधी हे वाचून घ्या.

सोप्यात, गोठ्याच्या कडेला किंवा बंद पडलेल्या वखारीत पंचवीस-तीस वर्षं उभी असलेली जुनी स्पोर्ट्स कार हाती लागली, की माणूस आधी पाण्याचा पाइप शोधतो आणि मग पेंटरला फोन लावतो. या दोन कामांत गाडीबद्दलची निम्मी माहिती कायमची पुसली जाते. माझ्या पहिल्या गाडीचं हेच झालं. एमजी टीडी होती. एमजी म्हणजे स्पोर्ट्स कार बनवणारी इंग्रजी कंपनी, आणि टीडी हे तिचं १९५० च्या सुमाराचं मॉडेल. बेळगावातल्या एका गॅरेजला दिली आणि सांगितलं, "सगळं काढून स्वच्छ करा." त्यांनी मनापासून स्वच्छ केली. डॅशबोर्डच्या मागचा जुना रंग घासून काढला, बल्कहेडवरची (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरची) पितळी पट्टी रिबिटं फोडून काढली आणि ती पट्टी भंगाराच्या डब्यात गेली. चूक त्यांची नव्हती, मीच तसं सांगितलं होतं. त्या गाडीचा कारखान्यातला रंग कोणता होता, हे मला आजही सांगता येत नाही.

म्हणून नव्यानं या वाटेला आलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं एमजीची आहेत, कारण मला त्याच गाड्या जवळून माहीत आहेत. ट्रायम्फ किंवा जग्वार असेल तरी शोधायची रीत हीच, फक्त नंबरांचे तक्ते वेगळे.

आधी थोडं आपल्या भागाबद्दल

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात अशा गाड्या कुठून आल्या, हे कळलं की कागद कुठे शोधायचे तेही कळतं. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. बेळगाव शहरात लष्कराचा कॅम्प. आजूबाजूला कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी, रामदुर्ग अशी संस्थानं. आणि चोर्ला घाट उतरला की गोवा.

यातला गोवा फार महत्त्वाचा. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर भारतात परदेशी गाडी आणणं अवघड होत गेलं. गोव्यात मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता आणि भारतातले आयातीचे नियम तिथे लागू नव्हते. त्यामुळे एमजीए, म्हणजे टीडीच्या नंतरचं, १९५५ पासून बनलेलं एमजीचं मॉडेल, आपल्या भागात दिसली, की मी पहिला प्रश्न विचारतो, "गोव्याहून आली का?" १९५० ते १९५३ मधली टीडी असेल, तर ती सरळ मुंबई बंदरातून आलेली असण्याची शक्यता जास्त.

पहिली पायरी: फोटो, आणि फक्त फोटो

गाडी जिथे उभी आहे तिथेच, धुळीसकट, फोटो काढा. चारही बाजूंनी काढाच, पण खरे कामाचे फोटो आतले असतात. बॉनेटखाली, डॅशबोर्डखाली डोकं घालून, डिकीच्या बिजागऱ्या, सीटखालचा पत्रा, वायरींचे रंग, हूडचे (कापडी छपराचे) हूक, गालिच्याची कड. प्रत्येक स्क्रू सुटा करण्याआधी एक फोटो. सीटखाली जे काही सापडेल ते एका डब्यात ठेवा. जुनी किल्ली, पेट्रोलपंपाची पावती, तुटलेली काच, काहीही टाकू नका. किल्लीवरचा नंबरसुद्धा पुढे उपयोगी पडतो, कारण कारखान्याच्या नोंदीत किल्ल्यांचे नंबर असतात.

दुसरी पायरी: नंबर वाचणं

गाडीवर एक नंबर नसतो, तीन-चार असतात. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि बॉडी नंबर हे वेगवेगळे. ते एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून पुष्कळ जण घाबरतात. जुळायचे नसतातच. चेसिस नंबर म्हणजे गाडीची ओळख. इंजिन नंबर इंजिनाचा. बॉडी नंबर बॉडी बनवणाऱ्या विभागाचा.

टीडीवर चेसिस नंबर डाव्या बाजूला, चेसिसच्या पुढच्या टोकाकडे ठोकलेला असतो. त्यावर सत्तर वर्षांचं ग्रीस, चिखल आणि रंगाचे तीन-चार थर बसलेले असतात. तिथे ग्राइंडर लावू नका, एमरी पेपरही नको. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं हळूहळू घासा. मग खडूची पूड बोटानं आकड्यांत भरा आणि वरचं पुसून टाका. टॉर्च समोरून न मारता अगदी कडेनं, पत्र्याला चिकटवून धरली, की आकडे सावलीसकट उठून दिसतात. शेवटी पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. तो कागद जपून ठेवा. फोटोपेक्षा तो जास्त खरा असतो, कारण आकड्यांची खोली आणि आकार त्यात उतरतो. कोणी नंतर ठोकलेला नंबर असेल, तर आकड्यांची ओळ वेडीवाकडी असते, तीही कागदावर लगेच दिसते.

टीडीचे नंबर ०२५१ पासून सुरू झाले. हा आकडा का, याची गोष्ट खरी आहे आणि मला फार आवडते. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता, आणि तिथल्या लोकांनी गाड्यांची मोजणी त्यावरूनच सुरू करायची रीत पाडली होती. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत २९,६६४ टीडी बनल्या.

एमजीएवर नंबरची पट्टी बॉनेटखाली बल्कहेडवर असते. एमजीएची मोजणी १०१०१ पासून सुरू होते, आणि पुढचे टप्पे पाठ करण्यासारखे आहेत:

- १०१०१ ते ६८८५० : एमजीए १५००
- ६८८५१ ते १००३५१ : एमजीए १६००
- १००३५२ ते १०९०७० : १६०० मार्क दोन
- ५०१ ते २६११ : ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टच्या इंजिनाची एमजीए), यांची मोजणी स्वतंत्र

प्रत्येक ओळीत किती गाड्या ते मोजून चारही ओळींची बेरीज करून पाहा, १,०१,०८१ येते. एमजीए एकूण तेवढ्याच बनल्या, एकही कमी नाही आणि जास्तही नाही. कोणी तुम्हाला "नव्वद हजार नंबरची १५००" विकायला आला, तर ती गाडी १५०० नाही किंवा ती पट्टी त्या गाडीची नाही.

नंबरच्या आधीची अक्षरंही वाचा. १५०० वर साधारण तीन अक्षरं आणि दोन आकडे असतात. दुसरं अक्षर बॉडीचं, डी म्हणजे उघडी, एम म्हणजे कूपे, पक्क्या छपराची. तिसरं अक्षर रंगाचं, ए म्हणजे काळा. पुढचा पहिला आकडा गाडी कोणासाठी बनली ते सांगतो. १ म्हणजे इंग्लंडमध्येच विकायची, २ म्हणजे परदेशी पाठवायची पण उजवीकडे स्टिअरिंग असलेली, ३ म्हणजे डावीकडे स्टिअरिंग, ४ उत्तर अमेरिका, ५ म्हणजे सुट्या भागांत पाठवलेली उजव्या स्टिअरिंगची. आपल्याकडच्या गाडीवर २ दिसला, की मन निवांत होतं. १ दिसला तरी काळजी नको, कोणीतरी इंग्लंडमध्ये वापरून मग सोबत आणली असेल. १६०० पासून ही पद्धत बदलली. तिथे जीएचएन म्हणजे उघडी आणि जीएचडी म्हणजे कूपे.

पट्टी बदलता येते, हे विसरू नका. नव्या छापलेल्या पट्ट्या बाजारात सहज मिळतात. जुनी रिबिटं, त्यांच्याभोवतीचा मळ आणि पट्टीमागचा रंग पाहा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नंबर नीट दिसत नाही म्हणून तो पुन्हा ठोकून घेऊ नका, कोणीही कितीही सल्ला दिला तरी. तो गुन्हा आहे, आणि पुराव्याचा नाशही.

तिसरी पायरी: घरातले आणि आरटीओतले कागद

आरसी बुकवर जे साल लिहिलेलं असतं, त्यावर गाडीचं वय ठरवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. एका गाडीला निदान चार तारखा असतात. कारखान्यात बनल्याची, कारखान्यातून रवाना झाल्याची, पहिल्यांदा नोंदणी झाल्याची आणि आपल्या जिल्ह्यात नोंदणी झाल्याची. पहिल्या आणि चौथ्या तारखेत दहा वर्षांचं अंतर असू शकतं, आणि कारकुनानं "मॉडेल"च्या रकान्यात चौथीच लिहिलेली असू शकते.

नंबरप्लेटचा जुना नंबर सापडला, तर त्याच्या पहिल्या अक्षरांवरून राज्य कळतं. मुंबई राज्याच्या काळातले नंबर बी-नं सुरू व्हायचे. १९५६ नंतर बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हाचे एमवाय. गोवा मुक्त झाल्यावर तिथले जीडी. आजचे केए-२२ आणि चिक्कोडीकडचे केए-२३ हे नवी पद्धत आल्यावरचे, १९८९ नंतरचे.

आरटीओत बी-एक्स्ट्रॅक्टसाठी, म्हणजे गाडीच्या नोंदवहीच्या उताऱ्यासाठी, अर्ज करा. त्यात मालकांची साखळी, इंजिन बदलल्याची नोंद, कधीकधी मूळ रंगही मिळतो. शेरे कन्नडमध्ये असतील तर घाईघाईत अंदाजानं वाचू नका. आपल्या गल्लीत कन्नड वाचणारं कोणी नाही असं बेळगावात होतच नाही, त्यांना शेजारी बसवून अक्षर न् अक्षर वाचून घ्या. एका शेऱ्यात "इंजिन बदलले" हे मला दोन वर्षांनी कळलं होतं, कारण मी तो शेरा कराचा समजून सोडून दिला होता.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, पण "गाडी कधीची?" असं विचारू नका. त्याचं उत्तर हमखास चुकतं. "गाडी आली तेव्हा घरात कोण लहान होतं?", "कुणाच्या लग्नाला वापरली होती?", "तेव्हा रंग कोणता होता?" असं विचारा. लग्नाचा फोटो निघाला तर पुढचं काम अर्ध्यावर आलं म्हणून समजा.

याच टप्प्यावर व्हिंटेज नोंदणीचंही सांगतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या आणि धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. इथे मोजणी पहिल्या नोंदणीपासून होते, बनल्याच्या तारखेपासून नाही. म्हणून चारही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवणं गरजेचं आहे. आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर अडचण येते, हे आधीच लक्षात घ्या.

चौथी पायरी: कारखान्याची वही

एमजीए आणि तिच्यानंतरच्या एमजीबीच्या उत्पादनाच्या नोंदी इंग्लंडमध्ये वॉरिकशायरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात आहेत. तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यावर बनल्याची तारीख, रवानगीची तारीख, मूळ रंग, आतल्या सीटचा रंग, इंजिन नंबर, कुठे पाठवली ते ठिकाण आणि कारखान्यात बसवलेली जादा साधनं असतात. फी पौंडात भरावी लागते. चेसिस नंबरचा स्वच्छ फोटो आणि मालकीचा कागद तयार ठेवा. टीडी, किंवा तिच्या आधीची टीसी, नंतरची टीएफ असेल, तर एमजी कार क्लबच्या टी-रजिस्टरकडे विचारा. जग्वारवाल्यांनी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे जावं.

सर्टिफिकेट मागवणं सर्वांत सोपं काम, म्हणून लोक तेच आधी करतात. माझं मत वेगळं आहे. आधी गाडी वाचा, तुमचे अंदाज कागदावर लिहा, मग सर्टिफिकेट मागवा. ते नंबरबद्दल बोलतं, तुमच्या शेडमधल्या पत्र्याबद्दल नाही. नंबर त्याच गाडीचा आहे का, हे तुम्हालाच पाहावं लागतं.

पाचवी पायरी: सुट्या भागांवरच्या तारखा

इथे मला तासन् तास रमायला आवडतं. त्या काळात बहुतेक इंग्रजी गाड्यांचं विजेचं सामान ल्यूकसचं असायचं, आणि ल्यूकस आपल्या मालावर तारीख ठोकायचा. डायनामो, सेल्फ, डेल्को (डिस्ट्रिब्युटर), कटआऊट (डायनामोचं चार्जिंग आवरणारी डबी), वायपरची मोटर, सगळ्यांवर. पन्नाशीच्या दशकात महिना आणि साल अशी पद्धत होती. म्हणजे "१० ५६" दिसलं तर ऑक्टोबर १९५६. पुढे महिन्याऐवजी आठवडा आला. एमजीए १५०० वर डायनामो सी-३९ आणि कटआऊट आरबी-१०६ हे मॉडेल असायला हवं.

आता हिशेब असा. भागाची तारीख गाडीच्या आधीचीच हवी, साधारण काही आठवडे ते काही महिने. चार-पाच भागांवरच्या तारखा एकाच हंगामात जमल्या, तर गाडी त्या हंगामानंतर लगेच बनली असं धरायला हरकत नाही. त्यातला एकच भाग दोन वर्षं पुढचा निघाला, तर तो बदललेला. आणि भागावर ल्यूकस-टीव्हीएस असं नाव असेल, तर तो नक्की इथे बदललेला आहे, कारण ती कंपनी मद्रासमध्ये १९६१ मध्ये सुरू झाली. ते नाव मूळ एमजीएवर असूच शकत नाही.

मीटरही उघडून पाहण्यासारखे असतात, पण घरी उघडू नका. काचेची कड दाबून बसवलेली असते आणि एकदा वाकली की परत सरळ होत नाही.

सहावी पायरी: काय मूळचं, काय नंतरचं

एमजीए घेऊन उभे असाल तर खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, मऊ कापडात गुंडाळलेलं. बॉनेटवर टेकवा. चिकटलं नाही तर आनंद माना. एमजीएचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि दरवाज्यांचा बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा होता. चिकटलं, तर ते लोखंडी बॉनेट कोणीतरी नंतर बनवलेलं. मग तेच चुंबक मडगार्डवर टेकवा. मडगार्ड लोखंडी, तिथे चिकटलंच पाहिजे. नाही चिकटलं तर खाली पुट्टीचा जाड थर आहे, आणि पुट्टीखाली गंज. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार दिसतं.

दरवाज्याला बाहेरून हँडल नसावं. उघड्या एमजीएला ते नव्हतंच, आत हात घालून दोरी ओढायची. मागाहून हँडल बसवलेली गाडी मी पाहिली आहे, दरवाज्याला भोक पाडून. पायाखाली प्लायवूडच्या फळ्या असाव्यात, पत्रा नव्हे. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली तार) पॉझिटिव्हला. आपल्याकडच्या मेकॅनिकनी बहुतेक गाड्यांचा अर्थ निगेटिव्ह करून घेतलेला असतो, एक बारा व्होल्टची बॅटरी टाकून. वापरायला ते सोयीचं, त्यात वाईट काही नाही. फक्त वहीत लिहून ठेवा.

१५०० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक. १९५९ मध्ये १६०० आली तेव्हा पुढे डिस्क आले. मार्क दोनची जाळी आत बसवलेली, मागचे दिवे आडवे. रंगांचंही तसंच. ओरिएंट रेड हा १५०० चा लाल, चॅरियट रेड हा १६०० चा. दोन्ही लालच, पण शेजारी ठेवले तर फरक कळतो.

टीडीची यादी छोटी आहे. चाकं पत्र्याची. पहिल्या अडीचशे गाड्यांना बिनभोकाची आणि ०५०१ पासून भोकं असलेली. स्पोकची चाकं कारखान्यातून टीडीला मिळायचीच नाहीत, ती टीएफला मिळायची. त्यामुळे स्पोकची टीडी कितीही देखणी दिसली तरी चाकं नंतरची. इंजिनवर आठ कोनांची पितळी पट्टी, त्यावर एक्सपीएजी, म्हणजे इंजिनाचं नाव. त्यापुढे टीडी-२ असेल, तर मोठा आठ इंची क्लच. मागचे दिवे आधी चौकोनी होते, १९५२ मध्ये गोल झाले.

आणि टीडीच्या बॉडीखालचा सांगाडा लाकडी, अ‍ॅश नावाच्या इंग्रजी झाडाचा. दरवाज्याची आतली पट्टी उचकटून लाकूड पाहा. फिकट, लांब सरळ रेघांचं असेल तर अ‍ॅश. तेलकट, तपकिरी आणि ओळखीच्या वासाचं असेल तर सागवान, आणि मग तो सांगाडा इथल्याच एखाद्या सुतारानं बनवलेला. अशा गाडीला "नकली" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या सुतारानं परदेशी गाडीचा वाकलेला सांगाडा नुसत्या नजरेनं मोजून सागवानात उतरवला, त्याचं काम त्या गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. ते मूळचं नाही एवढंच खरं लिहावं.

सातवी पायरी: इंजिन, आणि अ‍ॅम्बेसेडरचा प्रश्न

भारतातल्या एमजीएच्या बाबतीत सर्वांत जास्त गल्लत इथे होते. एमजीए १५०० चं इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची मालक कंपनी) बी-सिरीजचं. १९५९ च्या सुमारास अ‍ॅम्बेसेडरला जे ओव्हरहेड व्हॉल्व्हचं इंजिन आलं, तेही १४८९ सीसीचं आणि त्याच बी-सिरीजचं. दोघं सख्खे भाऊ. साहजिकच एमजीएचं इंजिन जाम झालं की लोकांनी अ‍ॅम्बेसेडरचं उचलून टाकलं. बाहेरून पाहिलं तर पटकन ओळखू येत नाही.

ओळखायचं असं. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, डायनामोच्या वर इंजिन नंबरची पट्टी असते. एमजीए १५०० च्या नंबरात १५जीबी किंवा १५जीडी असतं, १६०० च्या नंबरात १६जीए, मार्क दोनच्या १६जीसी. कार्बोरेटर दोन हवेत, एसयू कंपनीचे, दीड इंची. अ‍ॅम्बेसेडरला एकच. पण दोन कार्बोरेटर दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, ते जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवता येतात. म्हणून मी नेहमी डॅशबोर्डवरच्या टॅकोमीटरची (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची) केबल धरून खाली जातो. एमजीएमध्ये ती ब्लॉकच्या मागच्या भागातून फिरते. अ‍ॅम्बेसेडरच्या ब्लॉकला तशी सोय नाही, मग केबलचं टोक नुसतं लोंबकळत असतं, किंवा तारेनं कुठेतरी बांधून ठेवलेलं.

गिअरबॉक्स मात्र बहुतेक वेळा मूळचाच राहिलेला असतो. अ‍ॅम्बेसेडरचा गिअर स्टिअरिंगला होता, एमजीएचा खाली मधोमध, त्यामुळे तो बदलण्यात कुणालाच फायदा नव्हता.

मूळ इंजिन जाम झालेलं असलं तरी विकू नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आणि लेथचं काम करणारी इतकी जाणती माणसं आहेत, की बोअर, स्लीव्ह, क्रँक ग्राइंडिंग हे सगळं आपल्या शहरात होतं. तडा गेलेला ब्लॉकसुद्धा नीट शिवून घेता येतो. मूळ नंबरचं इंजिन कोपऱ्यात तेल लावून ठेवलं, तर आज नाही तर उद्या परत गाडीत जाईल.

रंगाचे थर

ही पायरी सावकाश करायची. रंग शोधायला बाहेरचा पत्रा घासू नका. जिथे पेंटरचा हात पोचत नाही तिथे बघा. डिकीच्या बिजागरीच्या पाठीमागे, डॅशबोर्डच्या आतल्या कडेला, नंबरच्या पट्टीखाली, सीटच्या रेलखाली, मडगार्ड आणि बॉडीच्या मधल्या पट्टीत.

खानापूर तालुक्यातल्या एका घरातली एमजीए मी अशीच पाहिली. घरच्यांच्या मते गाडी १९६२ ची, आणि लाल. "आज्जोबांनी आणली तेव्हापासनं लालच हाय की," असं घरातल्या काकू ठामपणे सांगत होत्या. आरसी बुकातही १९६२ आणि लाल. बॉनेट उघडलं. पट्टीवर एचडीए, पुढे २, आणि नंबर बत्तीस हजारांच्या घरातला. म्हणजे १५००, उघडी, निर्यातीसाठी उजव्या स्टिअरिंगची, आणि काळी. कटआऊटवर "३ ५७". सेल्फवर "२ ५७". डायनामो मात्र ल्यूकस-टीव्हीएसचा.

डिकीच्या डाव्या बिजागरीमागे नखाएवढी जागा निवडली. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि बोटाच्या टोकानं गोल गोल घासायला लागलो. आधी लाल आला, मग गुलाबीसर पुट्टी, मग दुसरा एक गडद लाल, राखाडी प्रायमर, आणि त्याखाली काळा. तेवढ्या छोट्या जागेत रंगांची वलयं उमटली, झाडाच्या बुंध्यावर दिसतात तशी. सोबत आलेले मिस्त्री वाकून बघत म्हणाले, "मालक, ह्यो तर काळाच हाय की खालनं. थांबा, आता आणि घासू नकासा." मी थांबलो.

१९६२ चं कोडं आरटीओच्या कागदात सुटलं. गाडी गोव्यात वापरली गेली होती, आणि गोवा मुक्त झाल्यानंतर तिची भारतीय नोंदणी झाली. आज्जोबांनी ती त्यानंतर घेतली, तेव्हा ती लाल झालेली होती. काकूंचं म्हणणंही खरं होतं, पट्टीचंही. पुढे गेडनहून सर्टिफिकेट आलं, त्यावर साल १९५७ आणि रंग काळा.

सगळं एका वहीत

शाळेची दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक गोष्टीसाठी एक ओळ: काय पाहिलं, कुठे पाहिलं, कोणत्या तारखेला, फोटोचा क्रमांक, आणि शेवटी तीनपैकी एक शब्द, "नक्की", "बहुधा" किंवा "ऐकीव". हे तीन शब्द कधीही एकमेकांत मिसळू देऊ नका. पट्टीवरचा नंबर स्वतः वाचला तर नक्की. भागांच्या तारखांवरून काढलेला महिना बहुधा. संस्थानिकांची गाडी होती, अमक्या नटानं वापरली होती, हे कागद सापडेपर्यंत ऐकीव. विकताना ऐकीव गोष्टींनाच सर्वांत जास्त भाव येतो, म्हणून त्यांच्यापासूनच सर्वांत जास्त सांभाळावं लागतं.

दुरुस्तीला गाडी देताना या वहीची झेरॉक्स गॅरेजमध्ये भिंतीवर लावा, आणि कोणत्या भागांना हात लावायचा नाही ते वर मोठ्या अक्षरात लिहा. पट्ट्या, काचा, मीटर, किल्ल्या आणि सुटे निघालेले ल्यूकसचे भाग काम संपेपर्यंत घरी आणून ठेवा.

खानापूरची ती गाडी घरच्यांनी लालच ठेवली. आज्जोबांची गाडी त्यांना तशीच हवी होती, आणि मलाही ते पटलं. काम झाल्यावर पेंटरनं सगळीकडे लॅकर मारला, फक्त डिकीच्या डाव्या बिजागरीमागची ती नखाएवढी जागा टेप लावून तशीच सोडली. आता कोणी गाडी बघायला आलं, की काकू आधी डिकी उघडून तीच दाखवतात.